रंगवलेल्या लॅमिनेट ओट्याचे पोपडे पुन्हा पुन्हा का सुटतात?

लॅमिनेटच्या ओट्यावर स्पंजने ग्रॅनाइटसारखा रंग दिला, वर पारदर्शक थर दिला, आणि ओटा खरोखर दगडाचा वाटू लागला. मग सिंकच्या कडेला नखाएवढा पोपडा सुटला. त्यावर रंगाचा ठिपका ठेवला, वॉर्निशचा हात फिरवला. थोड्या दिवसांनी त्याच जागी किंवा बोटभर बाजूला पुन्हा पोपडा. पुन्हा ठिपका, पुन्हा वॉर्निश. ज्यांच्या घरी हे चालू आहे त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे.

एक गोष्ट आधीच ठामपणे सांगतो. पोपडा कोणत्या थरापासून सुटला हे बघितल्याशिवाय त्यावर नवा रंग लावू नका. बहुतेक वेळा दोष वरच्या रंगात नसतो, तो त्याच्या खाली असतो. खाली ओशट असेल किंवा मागून पाणी येत असेल, तर वर कितीही महागडा रंग लावला तरी तो उचकटणारच. शिवाय नवा थर सुकताना थोडा आकसतो आणि आजूबाजूच्या कमकुवत थराला ओढतो. म्हणून डागडुजी केल्यावर पोपडा मोठा होत जातो.

सुटलेला पापुद्रा उलटा करून बघा

पापुद्रा फेकू नका. उजेडात नेऊन त्याची पाठ बघा, आणि तो जिथून सुटला तिथे ओट्यावर काय उरलं आहे तेही बघा.

ओट्यावर लॅमिनेटचा मूळ रंग स्वच्छ दिसतो आहे आणि पापुद्र्याच्या पाठीला प्रायमर (रंगाला पकड मिळावी म्हणून आधी द्यायचा थर) अखंड चिकटलेला आहे, तर प्रायमरने लॅमिनेटला धरलंच नव्हतं. खाली तेल किंवा सिलिकॉन (सिंकभोवतीच्या फटी बुजवायचा रबरासारखा पदार्थ) राहिलं, घासायचा पेपर नीट मारला गेला नाही, किंवा प्रायमरच या कामाचा नव्हता.

प्रायमर ओट्यावर शाबूत आहे आणि फक्त रंग निघाला आहे, तर दोष त्या दोघांच्या मधे आहे. प्रायमरवर धूळ बसली होती, हाताचं तेल लागलं होतं, किंवा दोन थरांमधे डब्यावर दिलेल्या मुदतीपेक्षा जास्त वेळ गेला आणि प्रायमर इतका कडक झाला की त्यावर पुन्हा पेपर मारायला हवा होता.

रंग जागेवर आहे आणि फक्त पारदर्शक थर प्लॅस्टिकच्या कागदासारखा सोलून येतो आहे, तर गडबड वॉर्निश किंवा इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर हे दोन द्रव मिसळून कडक होणारा थर) देतानाची आहे. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

पापुद्र्याची पाठ आणि ओटा, दोन्हीकडे तोच रंग दिसतो आहे, म्हणजे थर स्वतःच मधून फाटला. हा रंग आतून कच्चा राहिलेला असतो, बहुधा जाड दिल्यामुळे.

आणि पाठीला तपकिरी कागदाचे तंतू आले असतील तर रंगाला दोष देऊ नका. खुद्द लॅमिनेटचे थर सुटत आहेत. तिथे पाणी शिरलं आहे, किंवा पेपर मारताना वरचा कडक थर पार निघून गेला होता.

पोपडा कुठे सुटला यावरूनही बरंच कळतं. सिंक आणि नळाभोवती सुटला तर पाण्याचा संशय घ्या. शेगडीशेजारी सुटला तर तेल आणि उष्णता. पुढच्या कडेला सुटला तर झीज, कारण तिथे पोट, पट्ट्याचं बक्कल, भांड्यांचे काठ सतत घासतात. कुठलंही कारण दिसत नाही अशा मधल्याच जागी वाटीसारखे बारीक खळगे असतील तर जवळजवळ नक्की सिलिकॉन.

दोष किती पसरला आहे हे बघायला पोपड्याच्या चारी बाजूंना चांगली चिकट टेप घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. जे सुटायचं ते आत्ताच सुटू द्या. नंतर बोटाच्या पेराने ओट्यावर टकटक करत जा. जिथे पोकळ आवाज येतो तिथे लॅमिनेट खालच्या फळीपासून सुटलेलं असतं.

लॅमिनेट रंग का धरत नाही

लॅमिनेट म्हणजे फेनॉलिक रेझिनमधे भिजवलेले जाड तपकिरी कागद, त्यावर नक्षीचा कागद, आणि सगळ्यात वर मेलामाइन रेझिन. हे सगळं उष्णता आणि दाबाखाली एकजीव केलेलं असतं. हा पत्रा साधारण १ मिलिमीटर जाडीचा असतो आणि तो पार्टिकल बोर्ड किंवा प्लायवर चिकटवलेला असतो. मेलामाइनचा पृष्ठभाग काचेसारखा बंद असतो. लाकूड किंवा भिंत रंग शोषून घेते, इथे शोषायला काहीच नाही. थिनरने तो मऊही होत नाही, त्यामुळे रंग त्यात विरघळून मुरण्याचाही प्रश्न नाही. रंगाला धरून ठेवणाऱ्या दोनच गोष्टी उरतात: पेपर मारून पाडलेले बारीक ओरखडे, आणि गुळगुळीत पृष्ठभागाला चिकटेल असा खास प्रायमर. यातली एक जरी कमी पडली तरी रंग नुसता वर टेकलेला राहतो.

भिंतीचा नेहमीचा प्रायमर इथे चालत नाही, तो याच कारणाने.

ओशट आणि सिलिकॉन: क्रम चुकला की सगळं चुकलं

स्वयंपाकघरात तेलाची वाफ सगळीकडे बसते, डोळ्यांना दिसत नसली तरी. पुष्कळ जण उत्साहाने आधी पेपर मारतात आणि मग पुसतात. त्यामुळे तेल आणि सिलिकॉन नव्या ओरखड्यांत दाबलं जातं आणि तिथून ते काढणं फार कठीण होतं. क्रम असा ठेवा: आधी धुणं, मग पेपर, मग पुन्हा पुसणं.

धुण्यासाठी गरम पाणी आणि भांड्यांचा साबण पुरतो. जास्त ओशट असेल तर धुण्याचा सोडा पाण्यात घालून वापरा, मात्र नंतर साध्या पाण्याने दोन-तीनदा पुसा, कारण सोड्याचा अंशही रंगाला नडतो. त्यानंतर आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा, आणि हे दोन फडक्यांनी करा. एका ओल्या फडक्याने पुसायचं आणि अल्कोहोल उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचं. एकाच फडक्याने पुसलं तर विरघळलेलं तेल परत ओट्यावरच सुकतं. फडकी बदलत राहा. शेगडी बंद ठेवा, खिडक्या उघड्या ठेवा, कारण अल्कोहोलची वाफ पेट घेते.

सिलिकॉनवर कुठलाच रंग बसत नाही. सिंकभोवतीची आणि भिंतीलगतची जुनी सिलिकॉनची पट्टी पूर्ण काढा. आधी ब्लेडने, मग उरलेली पातळ साय सिलिकॉन काढायच्या द्रवाने. तिच्याशेजारच्या दोन बोटं पट्ट्यालाही तोच उपचार द्या. फर्निचरच्या चमकवणाऱ्या पॉलिशमधेही बऱ्याचदा सिलिकॉन असतं, त्यामुळे ओट्यावर पूर्वी असं काही फवारलं असेल तर सगळा ओटाच संशयित धरा.

साफ झालं की नाही, हे पाणी सांगतं. पेपर मारून झाल्यावर ओट्यावर स्वच्छ पाणी पसरा. पाण्याची सलग चादर राहिली तर काम झालं. कुठे पाणी मागे सरकलं, थेंब गोळा झाले, तर ती जागा अजून ओशट आहे. ही चाचणी करायला मिनिटही लागत नाही, आणि माझ्या मते सगळ्या कामात सर्वांत मोलाची हीच आहे. फक्त तपकिरी कागद उघडा पडला असेल तिथे पाणी लावू नका.

पेपर मारताना १५० नंबरने चमक घालवा आणि २२० ने एकसारखं करा. हेतू फक्त चमक मारण्याचा आहे, खोल घासण्याचा नाही. टॉर्च आडवी धरून बघा. जिथे चकाकी दिसेल तिथे पुन्हा. खडबडीत पोताच्या लॅमिनेटमधे खळग्यांच्या तळाशी पेपर पोचत नाही, तिथे खरखरीत नायलॉनचा पॅड वापरा. हे खळगे चकचकीत राहून गेले की पुढे नेमके तिथूनच ठिपक्याठिपक्याने रंग सुटतो.

पाणी मागून येतं आहे का?

सिंकच्या कडेचा पोपडा वारंवार येत असेल तर वर बघण्याआधी खाली बघा. सिंकखालचं कपाट रिकामं करा, सिंक बसवायला फळी कापली आहे त्या कडेवर सगळीकडे कोरडा टिश्यू पेपर दाबून बसवा, मग वर नळ सोडा आणि सिंकच्या काठावरून पाणी फिरवा. टिश्यू जिथे ओला झाला तिथून पाणी फळीत शिरतं आहे. नळाच्या बुडाशीही हेच करा. नळाचं बूड गळत असेल तर ते पाणी वरून दिसत नाही.

पार्टिकल बोर्डाची कापलेली कड पाणी झपाट्याने पिते आणि फुगते. वाळल्यावरही ती मूळ जाडीवर परत येत नाही. फुगलेल्या जागी लॅमिनेट ताणलं जातं आणि त्यावरचा रंग तडकतो. त्या भेगेतून आणखी पाणी जातं. पेचकसाचं टोक खालून फळीत टोचून बघा. ते सहज आत गेलं, भुसा हाताला आला, तर तो भाग रंगवण्यात अर्थ नाही. तेवढी फळी बदलावी लागेल, आणि हे रंगाचे पैसे खर्च करण्याआधी कळलेलं बरं.

फळी घट्ट असेल तर नशीब चांगलं. सिंक सोडवून काढा, कड पूर्ण वाळू द्या. दमट हवेत याला बरेच दिवस लागतात, घाई करू नका. मग कापलेल्या कडेला सगळीकडून इपॉक्सीचे दोन हात द्या. आतून कड बंद केल्याशिवाय वरून केलेलं सगळं काम तात्पुरतं आहे. दोन तुकड्यांच्या सांध्यालाही हाच नियम लागू. सांध्याच्या आत बंदिस्त थर हवा, वर नुसती पुट्टी भरून भागत नाही.

लॅमिनेट फक्त कडेला सुटलं असेल आणि फळी कोरडी असेल तर ते उचलून खाली फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद घालू नका, कारण दोन बंद पृष्ठभागांमधे त्याचं पाणी सुकायला वाट मिळत नाही. कॉन्टॅक्ट अ‍ॅडहेसिव्ह दोन्ही बाजूंना लावा, हाताला चिकटेनासं झालं की दाबून बसवा.

प्रायमर: आधी हातभर जागेवर पारखून घ्या

प्रायमरच्या डब्यावर लॅमिनेट, मेलामाइन, टाइल किंवा काच यांपैकी काहीतरी स्पष्ट लिहिलेलं असावं. सिंकजवळ दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर मला सर्वांत भरवशाचा वाटतो. लाखेवर आधारलेला प्रायमरही गुळगुळीत पृष्ठभागाला सुंदर चिकटतो आणि झटपट सुकतो, पण लाख उष्णतेने मऊ पडते आणि अमोनिया असलेल्या क्लीनरला टिकत नाही. शेगडीलगत तो मी टाळेन.

अख्खा ओटा रंगवण्याआधी कोपऱ्यातल्या हातभर जागेवर सगळे थर देऊन बघा. डब्यावर लिहिलेली मुदत पूर्ण होऊ द्या. मग धारदार ब्लेडने लॅमिनेटपर्यंत पोचतील अशा ६ समांतर रेघा २ मिलिमीटर अंतरावर मारा, त्यांना आडव्या आणखी ६. असे २५ चौकोन तयार होतात. त्यावर टेप दाबून ओढा. आयएसओ २४०९ ही प्रमाण चाचणी याच पद्धतीची आहे आणि तिच्यात ० ते ५ अशी श्रेणी असते. शून्य म्हणजे एकही टवका नाही, १ म्हणजे ५ टक्क्यांपर्यंत भाग गेला. रोज पाणी आणि घासणी सोसणाऱ्या ओट्यासाठी ० किंवा १ च्या पुढे काहीही मान्य करू नका. तसं आलं तर पापुद्र्याची पाठ बघा आणि वर सांगितलेल्या कारणांवर परत या. (इपॉक्सीचा जाड थर दिला असेल तर ही चाचणी तो देण्याआधीच करा, जाड थरावर तिचा उपयोग नाही.)

दगडाचा भास जाड रंगाने येत नाही

ग्रॅनाइटमधे क्वार्ट्झ, फेल्डस्पार आणि अभ्रकाचे कण एकमेकांत गुंतलेले असतात. काही दुधी, काही काळे, काही अर्धपारदर्शक. पॉलिश केलेल्या दगडात नजर जरा आत उतरते. ही खोली पातळ, विरळ थर एकावर एक दिल्याने येते. स्पंज भरपूर पिळून घ्या, तीन-चार छटा घ्या, प्रत्येक छटा सुकू द्या, ठिपक्यांचे आकार मुद्दाम लहानमोठे ठेवा. रंगाचे गोळे बसले की दोन तोटे होतात: ते उंचवटे आधी झिजतात, आणि आत ते कच्चे राहतात. सुकल्यावर ३२० च्या पेपरने उंचवटे हलकेच उतरवले तर नक्षी बिघडत नाही, उलट जास्त दगडासारखी दिसते.

पाण्यावर आधारलेला अ‍ॅक्रिलिक रंग तासाभरात हाताला कोरडा लागतो. त्यातलं पाणी गेलेलं असतं, पण रंगाचे सूक्ष्म कण एकमेकांत मिसळून कडक व्हायला साधारण ३ ते ४ आठवडे लागतात. जाड, ओलसर रंगावर लगेच वरचा थर दिला की आतला ओलावा कोंडला जातो. अंगठा दाबून जागीच फिरवून बघा. ठसा उठला किंवा नखाने खळगा पडला तर अजून थांबा. मधेच फाटणाऱ्या थराचं कारण बहुतेक वेळा हीच घाई असते.

पारदर्शक थर सोलतो, चिकटतो किंवा पिवळा पडतो

इपॉक्सी ठिकठिकाणी चिकट राहिली असेल तर ती महिनाभर थांबूनही कडक होणार नाही. रेझिन आणि हार्डनर नीट मिसळले गेले नव्हते किंवा प्रमाण चुकलं. डब्यावरचं प्रमाण आकारमानाचं आहे की वजनाचं, हे वाचाच, कारण दोन्ही द्रवांची घनता वेगळी असते. मिसळताना भांड्याच्या कडा आणि तळ खरवडा, मग सगळं दुसऱ्या स्वच्छ भांड्यात ओतून पुन्हा ढवळा. ओट्यावर भांडं उपडं करून कडेचं उरलेलं निपटून घेऊ नका, चिकट डाग तिथेच पडतात. चिकट भाग पटाशीने खरवडून, अल्कोहोलने पुसून, पेपर मारून नव्याने द्यावा लागतो.

थंड किंवा दमट हवेत इपॉक्सीवर कधी कधी मेणचट साय येते. हार्डनरमधल्या अमाइनची हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी प्रक्रिया होऊन ती तयार होते. दुसरा हात या सायीवर दिला की तो सोलणारच. ती पाण्यात विरघळते, म्हणून कोमट पाण्याने आणि पॅडने धुवा, पुसून घ्या, आणि त्यानंतरच पेपर मारा. धुण्याआधी पेपर मारला तर साय सगळीकडे फासली जाते.

पांढऱ्या संगमरवराचा भास दिला असेल आणि तो पिवळट झाला असेल तर वर तेलावर आधारलेलं पॉलियुरेथेन दिलं गेलं आहे का ते बघा. ते मुळातच पिवळसर असतं आणि आणखी पिवळं होत जातं. इपॉक्सीही उन्हाने पिवळी पडते. खिडकीजवळच्या पांढऱ्या ओट्यासाठी पाण्यावर आधारलेलं पॉलियुरेथेन घ्या, ३ ते ४ पातळ हात. एकदा आलेला पिवळेपणा परत जात नाही, त्यावर नवा थर देऊनही तो खालून दिसतोच.

इपॉक्सी हाताळताना नायट्रिल हातमोजे घाला. हार्डनरची त्वचेला अ‍ॅलर्जी होऊ शकते, आणि एकदा झाली की ती सहसा जात नाही. दोन भागांच्या पॉलियुरेथेनमधे आयसोसायनेट असतं, ते घरात फवारू नका.

उष्णता

घरी ओतल्या जाणाऱ्या बऱ्याच इपॉक्सी ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागतात. आचेवरून उतरवलेल्या भांड्याचं बूड १०० अंशांच्या वर असतं. म्हणजे पांढरट गोल डाग किंवा बुडाचा ठसा उमटण्याची भीती असतेच. भांड्याखाली स्टँड ठेवायचा, त्याला पर्याय नाही.

जोड दिसणार नाही अशी डागडुजी

कारण सापडलं आणि दूर केलं की मगच ठिगळ. टेपने सुटणारं सगळं काढून टाका. मग कडा २२० ने उतरत्या करा, इतक्या की डोळे मिटून बोट फिरवलं तर पायरी लागू नये. उघड्या लॅमिनेटवर आणि थोडा जुन्या रंगावर चढेल असा प्रायमर द्या. मग त्याच छटा, त्याच स्पंजने, कडेकडे विरळ करत न्या. पारदर्शक थर मात्र ठिगळापुरता देऊ नका. सिंकच्या काठापासून सांध्यापर्यंत अशी एखादी नैसर्गिक सीमा धरून तेवढा पूर्ण पट्टा घ्या, नाहीतर चमकेतला फरक दुरूनही दिसतो.

इथे ग्रॅनाइटच्या ठिपक्यांचा मोठा फायदा आहे. त्यात ठिगळ विरघळून जातं. संगमरवराची लांब शीर मधेच तुटली तर ती हुबेहूब जुळवणं अवघड, बहुधा पूर्ण शीर पुन्हा ओढावी लागते. ओटा अजून रंगवायचा असेल आणि पाणी जास्त पडणारी जागा असेल तर मी ग्रॅनाइटच सुचवेन.

सिलिकॉनची नवी पट्टी सर्वांत शेवटी, पारदर्शक थर पूर्ण कडक झाल्यावर भरा. त्यानंतर ओट्यावर सुरी थेट चालवू नका, तारेची घासणी, ब्लीच आणि अमोनियाचे क्लीनर लांब ठेवा. मऊ फडकं आणि पातळ साबणपाणी पुरतं. पहिले ३-४ आठवडे मिक्सरसारखी जड उपकरणं कायमची एका जागी ठेवू नका. रबराचे पाय नव्या अ‍ॅक्रिलिक थराला चिकटून बसतात आणि उचलताना रंगासकट येतात. मऊ प्लॅस्टिकच्या चटयांतूनही त्यांना लवचीक ठेवणारं द्रव्य हळूहळू खालच्या थरात उतरतं आणि तो चिकट होतो. अशी चटई रोज रात्री उचलून ठेवा, किंवा तिच्याऐवजी लाकडी फळी वापरा.